माहुताच्या यतीम मुलाची गोष्ट

आमच्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना आमच्या तोंडी अजून 'नगर'च येते. या नगरात १९१८ सालच्या एप्रिल महिन्यात दोन मुले जन्माला आली आणि पुढे दोघेही नट झाले. १६ एप्रिलला जन्मलेला मुलगा ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात नोकरीला असलेल्या एका आयरिश माणसाचा. पुण्यात आणि रंगूनमध्ये बालपण काढून तो विलायतेला गेला. तिथे स्पाइक मिलिगन या नावाने त्याने रेडिओवर आणि पुढे सिनेमातही लोकांना पोट धरून हसवले. २५ एप्रिलला जन्मलेला मुलगा इथल्याच एका मराठी ख्रिस्ती घरातला. त्याचे नाव शाहू मोडक.

आज ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो मुलगा मात्र नगरचा नाही. तो म्हैसूर संस्थानातल्या कारापूर गावचा, २७ जानेवारी १९२४ रोजी एका मुस्लिम माहुताच्या घरी जन्मलेला. नाव साबू. आमच्या पिढीला साबू म्हटले की चाचा चौधरीच्या गोष्टीतला गुरूवरून आलेला धिप्पाड साबू आठवतो. पण त्याच्या कितीतरी आधी हा हाडामांसाचा साबू लंडनच्या थिएटरांत झळकून गेला होता. ब्रिटिश सिनेमाचा पहिला मोठा हिंदुस्तानी तारा एक अनाथ मुस्लिम पोर होता, हे आमच्या घरात गेल्या वर्षापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधण्याची वेळ का आली, ते पुढे सांगतोच. आधी त्याची कहाणी.

साबूची आई तो अगदी लहान असताना गेली आणि वडीलही लवकरच अल्लाहला प्यारे झाले. वडील महाराजांच्या हत्तींची देखभाल करत, म्हणून पोरगे हत्तीखान्याच्या आश्रयालाच राहिले. मागे उरला एक थोरला भाऊ. त्या सुमारास अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी 'एलिफंट बॉय' या चित्रपटासाठी म्हैसूरला आला. गोष्ट किपलिंगची, हत्तींवर जीव लावणाऱ्या तुमाई नावाच्या मुलाची. पैसा लंडनमधला निर्माता अलेक्झांडर कोर्डा याचा. फ्लॅहर्टीला हत्तीला न भिणारा मुलगा हवा होता. साबू तर हत्तींच्या पायांतच वाढलेला. त्याला अभिनय शिकवावा लागला नाही, इंग्रजी मात्र शिकवावी लागली. उरलेले चित्रीकरण इंग्लंडच्या स्टुडिओत करायचे ठरले आणि दोघे भाऊ बोटीने विलायतेला गेले.

१९३७ साली चित्रपट लागला. साबू तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याचे हसू, त्याचा धीटपणा आणि हत्तीच्या मानेवर बसण्याची त्याची सहज ऐट लोकांना इतकी आवडली की कोर्डाने त्याच्याशी करार केला आणि पुढचे चित्रपट त्याला डोळ्यांसमोर ठेवून आखले. इंग्लंडमध्ये त्याला शाळेतही घातले गेले. हत्तीखान्यातून थेट इंग्रजी शाळेच्या बाकावर! आमच्या शेवगाव-पाथर्डीकडचे मूल पहिल्यांदा पुण्याच्या कॉलेजात गेले तरी आठवडाभर गप्प गप्प असते. त्या मुलाचे काय झाले असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

१९३८ साली 'द ड्रम' आला. त्यात साबू सरहद्दीवरच्या एका संस्थानाचा लहानगा शहजादा अझीम झाला. हा शहजादा इंग्रजांचा दोस्त, आणि इंग्रजांविरुद्ध उठलेला त्याचा चुलता खलनायक. आपल्याकडे स्वातंत्र्याची चळवळ चाललेली. हा चित्रपट मुंबईत लागला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, मद्रासलाही निदर्शने झाली. हे इंग्रजांचे गुणगान आहे आणि सरहद्दीवरच्या मुसलमानांचे रंगवलेले चित्र खोटे आहे, असा लोकांचा संताप होता. संताप योग्यच होता. पण पडद्यावर दिसणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला कोणी विचारले होते? गोष्ट लिहिणारे दुसरे, पैसे घालणारे दुसरे. तोंड मात्र त्याचे, म्हणून ओळख त्याची झाली. मुलाचा चेहरा वापरून मोठी माणसे आपले म्हणणे मांडतात, ही गोष्ट काही आजच्या मोबाइलच्या जमान्यात सुरू झालेली नाही.

मग १९४० साली 'द थीफ ऑफ बगदाद' आला. साबूचे नाव आजही घेतले जाते ते मुख्यत्वे या चित्रपटामुळे. महायुद्ध सुरू झाल्याने इंग्लंडमध्ये सुरू झालेले काम अमेरिकेत नेऊन पुरे करावे लागले. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि चमत्कारदृश्ये यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाले. साबू त्यात अबू नावाचा छोटा चोर आहे. बाटलीतून निघालेल्या अजस्र जिन्नला तो अक्कल लढवून पुन्हा बाटलीत शिरायला लावतो. शेवटी राजा झालेला मित्र सर्वांसमोर जाहीर करतो की अबूला शाळेत घालून शिकवू आणि एक दिवस वजीर करू. शाळेचे नाव ऐकताच अबू उडत्या गालिच्यावर बसून पसार होतो! पाहणारा खळखळून हसतो. आम्हीही हसलो. पण ज्या मुलाने ते काम केले त्याचे पुढचे आयुष्य माहीत झाल्यावर ते दृश्य पुन्हा पाहवत नाही.

१९४२ च्या 'जंगल बुक'मध्ये साबू मोगली झाला आणि मग हॉलिवूडचाच होऊन राहिला. 'अरेबियन नाइट्स', 'कोब्रा वुमन' असे भडक रंगांचे चित्रपट एकामागून एक आले. त्यांत नायक गोरा, नायिका गोरी आणि साबू त्यांचा हसरा, उघड्या अंगाचा सोबती. वय वाढत होते, भूमिका मात्र पोराचीच राहिली.

याच काळात आमच्या नगरच्या किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते कैदेत होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना इथे आणले गेले. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे इथेच लिहिली आणि बेगम झुलेखांच्या इंतकालाची खबरही त्यांना इथल्या भिंतींआडच मिळाली. इकडे मौलाना इंग्रजांच्या कैदेत होते, आणि तिकडे इंग्रजी सिनेमाने मोठा केलेला साबू १९४४ साली अमेरिकेचा नागरिक होऊन लष्कराच्या विमानदलात भरती झाला. बॉम्बफेकी विमानात बंदुकीवर बसून त्याने पॅसिफिकच्या युद्धात कामगिरी केली आणि शौर्यपदकही मिळवले. दोघांची तुलना करायची नाही, ती होऊही शकत नाही. मौलानांच्या मागे घराणे होते, इल्म होता आणि आपला रस्ता स्वतः निवडण्याची ताकद होती. साबूचा रस्ता तो बारा वर्षांचा असताना दुसऱ्यांनी निवडला, आणि मिळाला त्या रस्त्यावर तो हिमतीने चालला. एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

युद्धानंतर १९४७ साली तो ब्रिटिश सिनेमात परतला. 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये त्याने हिमालयातल्या एका तरुण राजपुत्राची भूमिका केली. चित्रपट नावाजला गेला, आजही अभ्यासला जातो. पण साबूला त्याने नवे दार उघडून दिले नाही. पुढे दुय्यम चित्रपट, युरोपातली किरकोळ कामे आणि लंडनच्या सर्कशीत हत्तींबरोबरचे खेळ. म्हैसूरच्या हत्तीखान्यातून निघालेला मुलगा जगभर फिरून पुन्हा हत्तीपाशीच आला.

या कहाणीत एक प्रसंग मुंबईचाही आहे. मेहबूब खान 'मदर इंडिया' काढण्याच्या तयारीत होते. धाकट्या मुलाच्या, म्हणजे बिरजूच्या भूमिकेसाठी त्यांच्या मनात साबू होता. साबू हिंदुस्तानात आलाही. पण आता तो परदेशी नागरिक होता. त्याला इथे काम करण्याचा परवाना मिळण्यात अडचणी आल्या आणि अखेर भूमिका सुनील दत्त यांच्याकडे गेली. १९५७ साली तो चित्रपट लागला आणि बिरजू घरोघरी पोहोचला. ज्या मुलाला पडद्यावर सगळे जग 'हिंदुस्तानी पोर' म्हणून ओळखत होते, त्याला हिंदुस्तानी सिनेमात एक भूमिका करायला मिळाली नाही. त्याच्या आयुष्यातली आम्हाला सर्वांत लागलेली गोष्ट हीच.

दुसरी त्याच्या नावाची. परदेशात जाताना कागदपत्रांत घोळ झाला आणि थोरल्या भावाचे 'दस्तगीर' हे नाव साबूच्या नावापुढे आडनाव म्हणून चिकटले. पुस्तकांत तो 'साबू दस्तगीर' झाला तो तिथून. त्याच्या मुलामुलीने पुढे 'साबू' हेच आडनाव लावले. आजोबांचे 'शेख' कुठल्या कुठे गेले. युसूफ खान यांनीही दिलीपकुमार हे नाव घेतले, पण ते जाणतेपणी घेतले होते आणि घरचे नाव घरी शाबूत होते. आपल्या घरांत तर नावाची किंमत वेगळी सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे, 'शेख'चा 'शेक' आणि 'सय्यद'चा 'सैय्यद', हे दुरुस्त करत हेलपाटे घातले नाहीत असे घर आपल्यात विरळाच. एका कारकुनाच्या पेनाने माणसाचे नाव कायमचे बदलते, हे आम्हाला साबूवरून पटवून घ्यावे लागले नाही.

साबूचा थोरला भाऊ अमेरिकेत फर्निचरचे दुकान चालवत होता. १९६० साली तिथे दरोड्याचा प्रयत्न झाला आणि त्यात तो मारला गेला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९६३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने साबूही गेला. वय अवघे एकोणचाळीस. मागे बायको आणि दोन मुले. त्याचा शेवटचा चित्रपट तो गेल्यानंतर लागला.

आता नगरच्या शाहू मोडकांकडे वळू. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ते कृष्ण झाले तेव्हा त्यांचेही वय चौदाच होते. ख्रिस्ती घरातला मुलगा कृष्ण झाला आणि महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले. पुढे प्रभातच्या 'माणूस'मध्ये ते पोलीस शिपाई झाले, १९४० मध्ये ज्ञानेश्वर झाले आणि मग अनेक चित्रपटांत पुन्हा पुन्हा कृष्ण. एकाच भूमिकेचा शिक्का त्यांच्यावरही बसला. पण ते आपल्या मुलखात राहिले, आपली भाषा बोलत राहिले, लहानाचे मोठे झाले तसे मोठ्या माणसाच्या भूमिकाही त्यांना मिळाल्या. १९९३ साली पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा वयाची पंचाहत्तरी गाठली होती. हुनर दोन्ही मुलांकडे होते. फरक पडला तो भोवतालच्या माणसांमुळे, असे आम्हाला वाटते.

हे सारे आम्ही वाचत बसलो त्याला कारण आमचा धाकटा मुलगा. सातवीत आहे. गावातल्या काही तरुणांनी मोबाइलवर एक छोटा चित्रपट केला, त्यात त्याने मेंढपाळाच्या पोराचे काम केले. ते खरेच छान झाले. आई-बाप म्हणून आम्हाला वाटले ते सोडा, अनोळखी माणसांनीही दुकानात येऊन सांगितले. महिन्याभरात मुंबईहून एकाचा फोन आला. मालिकेत काम आहे, तीन महिने मुलाला पाठवा, पैसे चांगले मिळतील. शाळेचे विचारले तर म्हणाला, "शाळावाले परीक्षेला बसवून घेतात हो."

घरात दोन तट पडले. चाचा म्हणाले, आलेले नशीब परत पाठवू नये. मोठी मुलगी म्हणाली, जाऊ दे त्याला, आपल्यातले कोण जाते तिकडे? मुलांच्या दादीने तसबीह खाली ठेवली आणि एवढेच म्हटले, "पहले उसका स्कूल देखो. काम मिलना है तो बाद में बी मिलेगा." सिनेमात काम करणे जायज की नाजायज, या वादात आम्ही इथे पडत नाही. ज्यांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी आपल्या आलिमांना विचारावा. आमच्यापुढचा प्रश्न साधा होता. तिकडे मुलाचा वाली कोण?

आम्ही माहिती काढली. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करता येते, पण अटी आहेत. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडता कामा नये. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. अमेरिकेत असा कायदा १९३९ साली झाला, जॅकी कूगन या बालनटाची सारी कमाई घरच्यांनीच उडवल्यानंतर.

ही यादी वाचताना आम्हाला सूरह निसा आठवली. यतीमाचा माल राखणाऱ्याने तो जपावा, त्याला समज आली की त्याच्या हवाली करावा आणि हवाली करताना साक्षीदार ठेवावेत, हा हुकूम त्यात आहे. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरात आहे. आपले प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते आणि यतीमाच्या पाठीवरून हात फिरवणे म्हणजे काय, हे त्यांनी उम्मतला शिकवले. म्हणजे कायद्याने आज जे मागितले, ते आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेले आहे. आमचा मुलगा यतीम नाही. पण तीन महिने आई-बापाविना अनोळखी शहरात राहणारे मूल तेवढ्या दिवसांपुरते यतीमच असते.

आम्ही फोन करून चार गोष्टी विचारल्या. परवानगीचा कागद कुठे आहे, रोज किती तास, बँकेत किती, आणि आमच्यापैकी कोणी सोबत राहू शकेल का. पलीकडचा माणूस म्हणाला, "इतके नियम काढत बसलात तर मुलाचे नशीब दारातून परत जाईल." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

धाकटा आठ दिवस आमच्याशी धड बोलला नाही. "तुम्ही कागद मागितला नसता तर मी टीव्हीवर असतो," हे वाक्य त्याने सगळ्यांसमोर ऐकवले. ते आम्हाला लागले, खोटे कशाला सांगावे? त्याच्या जागी ते बरोबरही होते. म्हणूनच आम्ही त्याला साबूची गोष्ट सांगितली, घाबरवण्यासाठी नव्हे. साबूचे चित्रपट दाखवले. जिन्नला बाटलीत घालणारा अबू त्याला फार आवडला. मग त्याने विचारले, "त्याचे अब्बा असते तर त्याला जाऊ दिले असते का?" या प्रश्नाचे खरे उत्तर आमच्याकडे नाही. कदाचित दिले असते. कदाचित बरोबर गेले असते.

आमच्या घरात तरी आता एवढे ठरले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात काम करायचे, गावातल्या पोरांच्या चित्रपटातही करायचे. मे महिन्याच्या सुट्टीत बाहेरचे काम आले आणि कागद पुरे असले, तर आमच्यापैकी एक जण दुकान बंद ठेवून त्याच्यासोबत राहील. कमाई त्याच्या नावावर जाईल, घरखर्चाला त्यातला पैसाही घेणार नाही. आणि पडद्यावर त्याचे नाव दाखल्यावर आहे तसेच येईल, वालिदांच्या नावासकट. तो अजून पूर्ण राजी झालेला नाही, पण रात्री जेवायला आमच्यात येऊन बसतो.

आपल्या मोहल्ल्यांत आज कोणाचे मूल उत्तम नात म्हणते, कोणाची मुलगी वक्तृत्वात पहिली येते, कोणी क्रिकेटमध्ये चमकतो, कोणाच्या रीलला लाखभर लोक पाहतात. उद्या दारात कोणी ना कोणी येणारच. आलेल्याला पाणी द्यावे, चहा द्यावा आणि मग न लाजता कागद मागावा. जो खरा असेल तो कागद देईल. अल्लाहतआला आपल्या मुलांना हुनर देवो, आणि त्या हुनराची राखण करण्याची समज आपल्याला देवो. आमीन.